इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी घ्या

ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर करून घेणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वॅटचा इन्व्हर्टर बसवू?" मी उलट विचारतो, "स्वयंपाक कशावर करणार?" या एका उत्तरावर बॅटरी ठरते, बॅटरीवर वायर ठरते आणि मग उरलेल्या मापात इन्व्हर्टर बसतो. लोक नेमकं उलट करतात. आधी इन्व्हर्टर घेऊन ठेवतात आणि मग बाकीचं त्याच्यामागे ओढतात. आमची गाडी कोकणातल्या पावसात राहिली आहे, विदर्भातल्या मे महिन्यात उभी राहिली आहे, स्पितीच्या थंडीतही राहिली आहे. त्यातून जे पक्कं झालं ते लिहितो.

१. तापवायचं ते गॅसवर, फिरवायचं ते इन्व्हर्टरवर

इंडक्शन शेगडी पूर्ण ताकदीवर १८०० ते २००० वॅट ओढते, किटली १५००, इस्त्री १०००. याउलट लॅपटॉप ६५ वॅट, छोटा टीव्ही ५०-६०, बीएलडीसी पंखा ३०. तापवणारी उपकरणं यादीतून काढली की मोठा असा एक मिक्सरच उरतो, ५०० ते ७५० वॅटचा, आणि तोही दोन-तीन मिनिटांचा धनी. तीन मिनिटं वाटण केलं तर जेमतेम २५ ते ४० वॅट-अवर जातात. चौघांचा वरण-भात-भाजी-पोळीचा स्वयंपाक इंडक्शनवर करायचा तर एक युनिटच्या आसपास, म्हणजे १००० वॅट-अवर, सहज लागतात. १०० एएचची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२८० वॅट-अवर देते. एका जेवणात ती जवळजवळ रिकामी. पाच किलोचा सिलिंडर हेच काम कितीतरी स्वस्तात आणि ढगाळ दिवशीही करतो.

२. खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका

'३००० वॅट' असं ठळक छापलेलं असतं तो बहुतेक वेळा क्षणभराचा पीक असतो. सलग चालण्याचा आकडा बारीक अक्षरात, कधीकधी निम्माच. दुसरं, व्हीए आणि वॅट एक नव्हेत. ९०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर साधारण ७०० वॅटच्या पुढे जात नाही. तिसरं, हे आकडे बहुधा २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. अकोल्यात दुपारी बंद कपाटात बसलेल्या इन्व्हर्टरभोवती २५ अंश कुठून येणार? तापला की तो आपणहून ताकद कमी करतो किंवा बंद पडतो. लागणाऱ्या लोडवर पाव हिस्सा वाढवून घ्या. तिप्पट नको, त्याचं कारण सातव्या मुद्द्यात आहे.

३. मिक्सरचा पहिला झटका

डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर जवळ ठेवा. कॅम्पर बांधणाऱ्याला त्याच्याइतकं शिकवणारी दुसरी वस्तू नाही. गुहागरला गाडी उभी असताना आत ओल्या खोबऱ्याची चटणी चालली होती. मी बॅटरीच्या जाड केबलला मीटर लावून बसलो. बटण फिरवलं त्या क्षणी आकडा शंभरच्या वर उडाला आणि पाठोपाठ पंचेचाळीसच्या आसपास स्थिरावला. मोटर स्थिर अवस्थेतून उठताना दुप्पट-तिप्पट प्रवाह घेते. भांडं गच्च भरलेलं असेल तर आणखी जास्त. तेव्हा ५०० वॅटच्या मिक्सरला ६०० वॅटचा इन्व्हर्टर 'पुरतो' हा कागदावरचा हिशेब आहे. भांडं अर्धं भरा, थोडं पाणी घाला, एक नंबरवर सुरू करा.

४. सगळं भांडण वायरमध्ये आहे

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मी पाहिलेल्या बिघाडांतले बहुतेक इथेच सापडले.

घरात २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर ९ अँपिअरसुद्धा ओढत नाही. म्हणून ४ स्क्वेअर एमएमच्या वायरवर तो वर्षानुवर्षं चालतो. तेच २००० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे, तर इन्व्हर्टरमधला अपव्यय धरून १८५ अँपिअर लागतात. घरांची वायरिंग करणाऱ्या चांगल्या, प्रामाणिक कारागिराच्या हाताला हा फरक माहीत नसतो. तो सवयीने ६ स्क्वेअर एमएमची वायर काढतो आणि इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या मागे, बॅटरी पार मागच्या दाराशी, अशी पाच मीटर ओढून देतो.

आता मिक्सर लावा. ४५ अँपिअरला जाऊन-येऊन दहा मीटर वायरमध्येच दीड व्होल्ट खर्ची पडतो. सुरुवातीच्या झटक्याला तीन. बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टरच्या तोंडाशी साडेदहा व्होल्टच्या खाली पोचतात, तो 'लो बॅटरी' म्हणून ओरडतो आणि कटऑफ होतो. मालकाला वाटतं बॅटरी खराब. तो नवी बॅटरी आणतो. दोष जिथल्या तिथे राहतो.

म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी, केबल दीड मीटरच्या आत. लांब न्यायची ती २३० व्होल्टची बाजू न्या, तिथे काही बिघडत नाही. १००० ते १२०० वॅटला ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची लवचिक केबल, २००० वॅटला ७०. केबलच्या टोकाचे लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, हातोडीने चेपलेला लग घाटातल्या हादऱ्यांनी सैल होतो आणि सैल झाला की तापतो. अर्धा तास लोड चालवून मग हात लावून बघा. केबल कोमट चालेल, लग गरम चालणार नाही. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. तो केबल जळू नये म्हणून असतो, इन्व्हर्टरसाठी नव्हे. लिथियम असेल तर क्लास टी फ्यूज घ्या, कारण शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो अँपिअर ओतते आणि साधा फ्यूज तो जाळ तोडेलच असं नाही.

५. बॅटरी किती भरते ते नको, किती देते ते विचारा

१०० एएचच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांच्या बीएमएसला, म्हणजे आतल्या संरक्षक सर्किटला, १०० अँपिअरची मर्यादा असते, म्हणजे बाराशे-तेराशे वॅट. तिच्यावर २००० वॅटचा इन्व्हर्टर लावून इंडक्शन पूर्ण केलं की बीएमएस तोडतं आणि गाडीत दिव्यांसकट काळोख होतो. लेड अ‍ॅसिड घेत असाल तर क्षमतेच्या निम्मीच वापरायची असं धरून चला. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करू नये. स्पितीला जाणाऱ्यांनी बॅटरी गाडीच्या आत, उबेत ठेवावी.

६. प्युअर साईन वेव्हच घ्या

यावर चर्चा नको. मॉडिफाइड साईन वेव्हवर पंखा घुमतो, मिक्सरची मोटर जास्त तापते, काही चार्जर बिघडतात. घरात कोणी झोपताना श्वासाचं यंत्र लावत असेल तर प्रश्नच मिटला.

७. नुसता चालू असलेला इन्व्हर्टरही खातो

२००० वॅटचा इन्व्हर्टर काहीही न चालवता १५ ते २५ वॅट घेतो. दिवसरात्र चालू राहिला तर ४००-५०० वॅट-अवर गेले, १०० एएचच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा! म्हणून जे १२ व्होल्टवर थेट चालतं ते थेट चालवा : दिवे, पाण्याचा पंप, पंखे, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर. फ्रिज तर कॉम्प्रेसरचा, १२ व्होल्टचाच घ्या. महाग पडतो खरा, पण तो घेतला की इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवण्याचं मुख्य कारण संपतं. इन्व्हर्टरचा रिमोट स्विच ओट्याजवळ बसवा. वाटण झालं की बंद.

८. घरचा इन्व्हर्टर गाडीत नको

लोडशेडिंगसाठी घेतलेला इन्व्हर्टर आणि उंच ट्युब्युलर बॅटरी घरात उत्तम काम करतात. गाडीत ती पन्नास किलोंहून जड बॅटरी वळणावर हलते, अ‍ॅसिड सांडतं, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिच्याशेजारी झोपू नका.

९. जागा

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साठतो, आणि इन्व्हर्टरमध्ये ठिणगी पडू शकते. दोघांची कपाटं वेगळी, मध्ये बंद पार्टिशन. सिलिंडरच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. इन्व्हर्टरच्या पंख्याला चारी बाजूंनी चार बोटं मोकळी जागा द्या. किनाऱ्यावर वरचेवर जात असाल तर टर्मिनलला व्हॅसलिन लावा, खाऱ्या हवेने हिरवं पडतं.

१०. शॉकची बाजू

२३० व्होल्ट गाडीतही २३०च असतात, आणि पत्र्याच्या खोलीत ओले पाय असतात. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. कॅम्पसाईटची वीज घेणार असाल तर चेंजओव्हर स्विच हवा, दोन पुरवठे एकत्र आले तर इन्व्हर्टर जागीच जातो.

आणि एक गोष्ट फिटरला आवर्जून विचारा. अनेक इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल अर्थला म्हणजे गाडीच्या चासीला जोडलेला नसतो. तसा नसेल तर अर्थला गळती होऊनही आरसीसीबी पडत नाही. टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, ते बटण अर्थ नसतानाही आरसीसीबी पाडतं. कंपनीच्या पुस्तिकेत न्यूट्रल-अर्थ जोडणीबद्दल काय लिहिलंय ते फिटरसमोर वाचा, काही मॉडेलमध्ये ती जोडणी बाहेरून करायची नसते.

चौघांच्या कुटुंबाला, गॅसवर स्वयंपाक धरून, माझं मत असं : १००० ते १२०० वॅटचा प्युअर साईन वेव्ह इन्व्हर्टर, २०० एएच लिथियम, ३५ स्क्वेअर एमएम केबल, १५० अँपिअरचा फ्यूज. पैसे उरले तर मोठ्या इन्व्हर्टरवर घालू नका, आणखी एक सोलर पॅनल लावा.