अंगणातली वाट: फरसबंदीखालच्या सामानाचा हिशेब

धानाची कापणी-मळणी आटोपली की घरदुरुस्तीची कामे निघतात. दारापुढचा चौक आणि हातपंपापर्यंतची वाट पक्की करावी असे पुष्कळांच्या मनात असते. बालाघाट जिल्ह्यात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्या दिवसांत चिखलातून पाणी आणताना म्हातारी माणसे घसरतात आणि साचलेल्या डबक्यांत डास वाढतात. जेथे लोक उघड्यावर शौचास बसतात तेथील ओल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात व माणसाचे रक्त शोषतात. संडास आणि पायांत चप्पल हा त्यावरचा मुख्य उपाय आहे. कोरडी वाट त्याला मदत करते.

विटांची वाट वरून सुंदर दिसते, पण पहिल्या दोन पावसाळ्यांत खचते. दोष बहुधा विटांचा नसतो, खालच्या थराचा असतो. म्हणून सामान मागवण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू या.

१. जमीन ओळखा. कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. तिच्यावर विटांखाली निदान ६ इंच पक्का थर हवा. बरडी, मुरमाड जमिनीवर पायवाटेसाठी ४ इंच पुरतात. बंडी किंवा ट्रॅक्टर जाणार असेल तर हा हिशेब चालणार नाही, थर बराच जाड लागेल.

२. क्षेत्र काढा. समजा, वाट ३० फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट. चौक १० फूट बाय ८ फूट, म्हणजे ८०. एकूण २०० चौरस फूट. विटा एवढ्याच जागेवर बसतील. पण खालचा थर विटांच्या कडेपलीकडे अर्धा अर्धा फूट जायला हवा, नाहीतर कडा आधी ढासळतात. म्हणून थरासाठी २५० चौरस फूट धरा.

३. घनफूट काढा. चौरस फुटांना इंचांनी गुणा आणि १२ ने भागा. खाली ४ इंच मुरूम: २५० गुणिले ४ भागिले १२, म्हणजे ८३ घनफूट. त्यावर २ इंच बारीक गिट्टी: ४२ घनफूट. त्यावर १ इंच रेती, फक्त विटांखाली: १७ घनफूट.

४. दाबाची भर घाला. वरचे आकडे ठोकून बसवलेल्या सामानाचे आहेत, ट्रॉलीत मात्र ते सैल येते. सैल मुरमाची ४ घमेली ठोकल्यावर साधारण ३ होतात, म्हणून ८३ साठी ११० घनफूट मागवा. गिट्टीची ५ ची ४ होतात, म्हणून ५२ घनफूट. तिच्या फटी भरायला १५ घनफूट चुरी लागेल. ती नसेल तर वरची रेती फटींत उतरते व विटा बसतात. रेती सांध्यांसह २२ घनफूट धरा.

आता पाहा, कडा व दाब विसरून कोणी २०० चौरस फुटांवर ४ इंच धरले, तर तो ६७ घनफूट मुरूम आणील. ठोकल्यावर त्याचा थर जेमतेम अडीच इंच भरेल. वाट खचते ती येथे!

५. विटा मोजा. सांध्यासह ९ इंच बाय साडेचार इंच जागा घेणारी वीट आडवी लावली तर २०० चौरस फुटांना ७११ लागतात. तुटफूट धरून ७५० घ्या. चौकाची एक बाजू घराला लागून असेल तर मोकळी कड ८२ फूट उरते. तिला उभ्या धारेवर लावायला आणखी ११० विटा. आपल्या भट्टीची वीट लहान-मोठी असेल तर मोजून हिशेब बदला.

६. ट्रॉली मोजा. ‘एक ट्रॉली’ हे माप नव्हे. आतली लांबी, रुंदी व भरलेली उंची फुटांत गुणा. १० बाय ६ बाय दीड म्हणजे ९० घनफूट. महाराष्ट्रात सौदा ब्रासने होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. रेती-मुरूम रॉयल्टीच्या पावतीसहच घ्या. पावसाळ्यात वैनगंगेसारख्या नद्यांतून रेती काढण्यास बंदी असते, म्हणून रेती आधीच आणून ठेवा.

७. खणणे व ठोकणे. मुरूम, गिट्टी, रेती व वीट मिळून १० इंच होतात. ८ इंच खणा, म्हणजे वाट जमिनीच्या २ इंच वर राहील. सुटलेली माती सुमारे २०० घनफूट होईल. ती धुऱ्यावर किंवा बाडीत टाका. मुरूम दोन थरांत पसरा, थोडा ओला करा व धुम्मसाने ठोका. ओलावा किती? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. दर फुटाला पाव इंच उतार घरापासून दूर द्या. हा उतार खणतानाच द्यावा, वरच्या रेतीने साधू नये.

हातपंपाचा ओटा मात्र विटांचा नको. विटांच्या सांध्यांतून सांडपाणी खाली मुरते व बोअरचे पाणी बिघडवते. तेथे सिमेंट काँक्रीटचा ओटा आणि पाणी दूर नेणारी नाली हवी. विटांची वाट ओट्यापाशी संपवावी.

पैसे कमी असतील तर थर पातळ करू नका, वाट आखूड करा. यंदा पंधरा फूट पक्के करावे, उरलेले पुढच्या हंगामात.