सरासरी काढावी कशी?
(ऊस विकास विभागाकडून)



गेल्या उन्हाळ्यात आम्ही पालघर जिल्ह्यातील आगाशीस जाऊन आलो. विरारला गाडीतून उतरून पश्चिमेस अर्नाळ्याच्या रस्त्याने निघाले की हे गाव लागते. वसई-आगाशीच्या या बागायतीत पूर्वी केळीच्या जोडीने ऊसही होत असे. आज तिकडे कारखान्याला घालण्याजोगा ऊस नाही, पण राजेळी केळी आणि उन्हात वाळवून पानात बांधलेली तिची सुकेळी यांचे नाव अजून टिकून आहे.

तिथे एका वाडीत वयस्कर बागायतदार घडांचा अंदाज बांधत होते. ८० घड उतरायचे होते. त्यांनी पाचच उतरवून तोलले. वजने भरली १२, १४, ११, १५ आणि १३ किलो. आम्ही खिशातून पेन काढेपर्यंत ते म्हणाले, "तेराची सरासरी. एक हजार चाळीस किलो माल." आम्ही विचारले, काका, एवढ्या झटकन कसं? तर त्यांनी बेरीज केलीच नव्हती. मनात १२ धरले आणि प्रत्येक घड बारापेक्षा किती वर, किती खाली तेवढे मोजले. पहिला शून्य, दुसरा दोन वर, तिसरा एक खाली, चौथा तीन वर, पाचवा एक वर. वजाजाता पाच वर उरले. पाच घडांत वाटले तर एकेक. बारा अधिक एक, तेरा.

शाळेत आपण शिकलो ते असे की, सगळ्या आकड्यांची बेरीज करावी आणि जितके आकडे तितक्यांनी भागावे. १२, १४, ११, १५, १३ यांची बेरीज ६५, भागिले ५, म्हणजे १३. उत्तर तेच. काकांची रीत तोंडी हिशेबाला सोपी, इतकेच. मनात धरलेला आकडा कोणताही चालतो. त्यांनी १४ धरले असते तर पाच खाली आले असते, आणि चौदातून एक वजा होऊन पुन्हा तेराच.

पण आम्हाला खरे कौतुक वाटले ते पाच घड कोणते निवडले याचे. दोन विहिरीजवळचे, दोन मधले, एक पार कुंपणाकडचा. सगळे विहिरीजवळचे घेतले असते तर बेरीज-भागाकार बिनचूक करूनही माल कमी भरला असता.

आता आपल्या उसाकडे येऊ. तोडणीपूर्वी एकरी टनेज काढायचे आहे. सरी चार फुटांची असेल तर एका एकरात (४३,५६० चौरस फूट) सरीची एकूण लांबी १०,८९० फूट भरते, म्हणजे दहा-दहा फुटांचे १,०८९ तुकडे. शेतात पाच ठिकाणी दहा फूट दोरी धरून गाळपालायक ऊस मोजावेत. समजा ३८, ४२, २९, ३६ आणि ३५ आले. मनात ३५ धरा. तीन वर, सात वर, सहा खाली, एक वर, शून्य. पाच वर उरले, सरासरी ३६. त्याला १,०८९ ने गुणले की एकरी ३९,२०४ ऊस. मग त्या पाचही ठिकाणचे चार-चार ऊस वाढे तोडून, पाचट काढून तोलावेत. ऊस सरासरी १ किलो २०० ग्रॅम भरला तर एकरी ४७ टन.

याच शेतात कोणी बांधावरून, पाटाकडेच्या सरीत एकदाच ४२ मोजून घरी गेला, तर त्याचा हिशेब ५५ टनांजवळ जातो. एकरी आठ टन कागदावरच उगवले! हसण्यासारखी गोष्ट नाही. त्या आकड्यावर टोळ्या आणि वाहने लावली जातात. एका वर्षी एका गटात आमच्याच हातून असे झाले. रस्त्याकडेचे प्लॉट पाहून अंदाज दिला, टोळ्या तिकडे जास्त गेल्या, ऊस लवकर संपला, आणि दुसऱ्या गटातला खोडवा उन्हात वाळत राहिला. त्या सभासदांची बोलणी आम्ही खाल्ली, आणि ती खायलाच हवी होती.

दुसरी चूक याहून वारंवार होते. लागणीचा एक एकर ६० टन गेला, खोडव्याचे तीन एकर एकरी ३६ टन गेले. तर "साठ आणि छत्तीस, निम्मे केले, अठ्ठेचाळीसची सरासरी" असे पारावर ऐकू येते. लागणीचे ६० आणि खोडव्याचे १०८ मिळून माल १६८ टन. रान चार एकर. सरासरी ४२ टन. सरासरींची सरासरी तेव्हाच खरी, जेव्हा दोन्हीकडचे रान सारखे असते.

साखर उताऱ्याच्या वादाचे मूळही पुष्कळदा इथेच असते. दरवर्षी काही सभासद रोजचे उतारे वहीत लिहून ठेवतात, आणि ही सवय उत्तम आहे. फक्त शेवटी ते सगळ्या दिवसांचे उतारे मिळवून दिवसांनी भागतात. समजा पहिल्या दिवशी ४,००० टन गाळप आणि उतारा १०.० टक्के, दुसऱ्या दिवशी ४,००० टन आणि १०.४, तिसऱ्या दिवशी मिल बंद पडल्याने १,००० टनच, उतारा ११.४. वहीतली सरासरी १०.६ येते. प्रत्यक्षात साखर ४०० अधिक ४१६ अधिक ११४, म्हणजे ९३० टन, आणि ऊस ९,००० टन. उतारा १०.३३.

हा फरक पैशात केवढा? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आणि त्यापुढील दर ०.१ टक्क्याला टनाला ३४ रुपये ६० पैसे. वरच्या दोन उताऱ्यांत टनामागे नव्वद रुपयांच्या घरात अंतर पडते. शंभर टन ऊस घालणाऱ्याला नऊ हजार रुपये बुडाले असे वाटणारच! म्हणून वहीत उताऱ्याशेजारी त्या दिवसाचे गाळपही लिहावे. गाळप गुणिले उतारा भागिले शंभर म्हणजे त्या दिवसाची साखर. साखरेची बेरीज आणि उसाची बेरीज अशा दोनच बेरजा ठेवाव्यात. असा हिशेब करूनही कारखान्याच्या आकड्याशी मेळ बसला नाही, तर सभासदाने जरूर विचारावे. तो त्याचा हक्क आहे. (दर देताना कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा, हा वाद निराळा. त्यात आज शिरत नाही.)

एक बारकावा राहिला. ब्रिक्स पाहताना एकाच उसाचा बुडखा, मधला भाग आणि शेंडा यांची वाचने घेतो. बुडखा २२, मध्य २१, शेंडा १७ आला तर सरासरी २० येते, आणि सभासद म्हणतो, "साहेब, वीस झाला, तोड द्या." इथे नुसत्या सरासरीवर जाऊ नये. शेंड्याचे वाचन बुडख्याच्या जवळ आले म्हणजे ऊस पक्व झाला. पाच अंशांचे अंतर आहे तोवर वरची कांडी कच्चीच आहेत, सरासरी काही का म्हणेना.

ज्यांचा ऊस पुढच्या पंधरवड्याच्या तोडणी कार्यक्रमात आहे, त्यांनी वरीलप्रमाणे पाच ठिकाणची मोजणी करून कागद गट कार्यालयात आणावा. पाचही आकडे वेगवेगळे लिहावेत, नुसती सरासरी आणू नये. भागाकार आम्ही तपासून देऊ.