मूड बोर्ड किती युरोंना पडतो? चेरीवूडच्या हौशी नाटकमंडळींसाठी हिशेब

गणेशोत्सवात एकांकिका करायची ठरली की निम्मी वर्गणी कपडेपटात जाते आणि रंगावरून वाद होतात ते वेगळेच. दिग्दर्शकाच्या डोक्यात पडका वाडा असतो, वेशभूषा पाहणाऱ्या ताईंच्या डोक्यात लग्नघर. हा घोळ कापड घेण्याआधीच मिटवायचा असेल, तर मूड बोर्ड करा, म्हणजे नाटकाचे रंग आणि वातावरण दाखवणारी चित्रं नि कापडाचे तुकडे टाचलेला फलक. दक्षिण डब्लिनमधल्या चेरीवूडमध्ये राहून तो पन्नास युरोंच्या आत होतो.

फुकटात काय होतं?
कॅनव्हा आणि पिंटरेस्ट यांची मोफत खाती एका एकांकिकेला पुरेशी आहेत. वर्गणीचे पैसे कॅनव्हाच्या सशुल्क योजनेवर घालवू नका. आयर्लंडमध्ये सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व मोफत आहे आणि २०१९पासून उशिराचा दंडही नाही. कॅबिन्टीली किंवा डन लेअरीच्या लेक्सिकॉन वाचनालयातून वेशभूषेची, वास्तुकलेची पुस्तकं घरी आणा. शहरात गेलात तर डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय चुकवू नका. प्रवेश मोफत आहे आणि संग्रहात मुघल लघुचित्रं आहेत. ऐतिहासिक नाटकाचे रंग ठरवायला ती फार उपयोगी पडतात.

पैसे कुठे लागतात?
खालचे आकडे अंदाजपत्रकासाठी धरायचे आहेत, दुकानागणिक ते थोडे बदलतील.
- मोठा फोम बोर्ड: १० युरो
- रंगीत प्रिंट: १२ युरो
- कापडाचे नमुने, पाव-पाव मीटर: १२ युरो
- गोंद, टाचण्या, मार्कर: ५ युरो
- दोघांचा लुआसने जाण्या-येण्याचा खर्च: ८ युरो (लीप कार्डावर मोठ्या माणसाचं ९० मिनिटांचं भाडं २ युरो)

एकूण ४७ युरो. काटकसर करायचीच तर प्रिंट कमी काढा, पण कापडाच्या नमुन्यांना कात्री लावू नका. मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसणारा वांगी रंग हॉलच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मातकट दिसू शकतो. कापडाचा तुकडा प्रयोगाच्या जागी नेऊन तिथल्याच दिव्याखाली पाहा. जुन्या इरकलीचा काठ घरात असेल तर तोच टाचा.

डिझायनर नेमावा का?
दोन अंकी नाटक असेल, तिकीट लावणार असाल, तर विचार करा. आयर्लंडमध्ये २०२५मध्ये किमान वेतन तासाला १३.५० युरो होतं, म्हणजे आठ तासांचे १०८ युरो. जाणकार डिझायनरचा दर याहून बराच वर असतो. किमान वेतनाहूनही कमी सांगणारा एकतर तुमचा मित्र असतो, नाहीतर तयार साचा विकत असतो. तासावर ठरवू नका, ठोक रक्कम ठरवा आणि किती वेळा बदल करून मिळतील ते लिहून घ्या. व्हॅट धरून सांगितलंय का, हेही विचारा. २३ टक्क्यांनी ३०० चे ३६९ होतात. वर्षाला ४२,५०० युरोंपेक्षा कमी सेवा-उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला मात्र व्हॅट लावणं बंधनकारक नाही.

चित्रांचे हक्क
आपसात चर्चेसाठी चित्र टाचणं वेगळं, तेच पोस्टरवर छापणं वेगळं. छापायचं असेल तर परवानगी घ्या किंवा हक्कमुक्त चित्र वापरा. युरोपात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात. राजा रविवर्मा १९०६मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं मोकळी आहेत.

बोर्ड मांडताना
आठ-दहा चित्रं बस झाली. प्रत्येकाखाली त्यातून नेमकं काय घ्यायचं ते लिहा. कंदिलाच्या चित्राखाली ‘फक्त उजेड’, शहाबादी फरशीखाली ‘फक्त रंग’, इरकलीखाली ‘काठाची रुंदी’. एवढं लिहिलं नाही, तर कुणीतरी खराखुरा कंदील विकत घेऊन येतो.

शेवटी एका कोपऱ्यात ‘काय घ्यायचं नाही’ अशी यादी करा. खरी बचत तिथेच होते. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांच्या रांगेनेच पडद्याचं आणि भिंतीचं काम केलं होतं. तुमच्याही नाटकातली एखादी भिंत अशी वाचू शकते. दिग्दर्शक, वेशभूषा, नेपथ्य आणि प्रकाश पाहणाऱ्या सगळ्यांचा होकार मिळाला की बोर्डाचा फोटो गटावर टाका, आणि खजिनदाराने त्यानंतरच कापडाचे पैसे मोकळे करावेत.