हरवलेला स्पर्श

बाकाच्या कडेवर कोपर आपटले म्हणजे करंगळीच्या टोकापर्यंत एक विलक्षण झिणझिणी धावत जाते. आपटते कोपर आणि कळवळते करंगळी! हा अनुभव तुम्ही घेतलाच असेल. करंगळीकडून येणारा एक मज्जातंतू कोपराच्या हाडामागून, अगदी कातडीखालून जातो. स्पर्श, ऊन-थंड व वेदना यांच्या वार्ता तो मेंदूकडे नेतो आणि मेंदूच्या आज्ञा बोटांच्या स्नायूंस आणून देतो.

हा तंतू तुटला तर? १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. कापलेल्या जागेपलीकडचा भाग काही दिवसांत झडून जातो, असे त्यास आढळले. परंतु झडतो तो आतील धागा. भोवतालचे श्वान पेशींचे वेष्टन मागे उरते. पुढे स्पेनमधील काहाल या संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, शाबूत टोकास नवा अंकुर फुटतो आणि रिकाम्या वेष्टनातून वाट काढीत तो पुढे सरकतो. त्याची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! मोठ्या माणसाच्या कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर असते. मग किती दिवस लागतील, हे पट्टी घेऊन तुम्हीच काढा. मेंदूत व मज्जारज्जूत मात्र असे अंकुर सहसा वाढत नाहीत.

परतणारा स्पर्श कसा असतो, हे रुग्णांना नीट सांगता येईना. तेव्हा १९०३ साली डॉ. हेन्री हेड यांनी आपल्याच डाव्या हाताचा एक मज्जातंतू शस्त्रवैद्याकडून कापवून घेतला व लगेच शिवून घेतला. पुढील चार वर्षे केंब्रिज येथे त्यांचे मित्र डॉ. रिव्हर्स त्या हाताला कापूस, टाचणी, गरम व थंड नळ्या लावीत आणि हेड डोळे मिटून काय जाणवते ते सांगत. आधी टाचणीची बोचणी परतली. कापसाचा हळुवार स्पर्श ओळखावयास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. असे धाडस कोणी करावे असे मी म्हणणार नाही. पण त्या चिकाटीचे नवल वाटते.

हेडचा तंतू परतला, कारण वाट शिल्लक होती. वाटच मोडली तर? आमच्या मनीषनगराजवळून जाणाऱ्या वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर वरोरा लागते. तेथील आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना आश्रय आणि काम दिले. त्यांची महारोगी सेवा समिती १९४९ सालची. कुष्ठरोगाचा जंतू नेमका त्या श्वान पेशींतच घर करतो. त्याला शरीरातील थंड जागा मानवतात. म्हणून कातडीलगतचा तो कोपरामागचा तंतू त्याच्या तावडीत लवकर सापडतो. करंगळी व अनामिका वाकतात, हात बधिर होतो. लोक समजत की रोगाने बोटे सडून गळतात. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी वेगळेच पाहिले. भाजले, कापले तरी रुग्णास कळत नाही, जखमेकडे दुर्लक्ष होते आणि बोटे झिजत जातात. वेदना ही केवढी राखणदार!

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांनी शस्त्रक्रियेने अशा कित्येक रुग्णांचे हात व चेहरे सुधारले. पण वाकलेले बोट सरळ करता आले, तरी गेलेला स्पर्श परत आणता येईना. मग तंतूची हानी होते तरी कशी, या प्रश्नाकडे ते वळले. १९७० च्या दशकात त्यांनी मुंबईत एक संशोधन संस्था स्थापन केली; तेथे रुग्णांचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यासले गेले. १९९७ साली या विषयावरचा ग्रंथ त्यांनी डॉ. शेट्टी यांच्यासह संपादित केला.

१९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या अनेक औषधांच्या एकत्र उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. मात्र जुनी, खोलवर झालेली इजा बहुधा भरून येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत उपचार झाले तर तंतू वाचण्याची आशा असते. म्हणूनच अंगावर फिकट चट्टा दिसला की आरोग्यसेवक तेथे स्पर्श करून पाहतो. मुलाने डोळे मिटावयाचे आणि स्पर्श जेथे जाणवला तेथे बोट ठेवावयाचे.