टप कापायच्या आधी थोडं बोलू

मामांच्या डुक्कर फियाटचा टप चार इंच कापून खाली घ्यायचा तुझा बेत मला मामींकडून कळला. तू स्वतः सांगितलं नाहीस, ताई नाहीच म्हणेल असं तुला वाटलं असणार. अगं, आधी हे ऐक की मला तुझा बेत वेडेपणाचा वाटलेला नाही. आपल्या घरातल्या मुलीनं हातात ग्राइंडर घ्यावा, मापं काढावीत, वेल्डिंग शिकावं, याचा मला आनंदच आहे. पण या गाडीचा टप कापू नकोस. का, ते नीट सांगते.

टप कापायचे जे व्हिडिओ तू बघतेस त्यांचं मूळ कॅलिफोर्नियात आहे. तिथली तरुण पोरं 1932 च्या फोर्ड गाड्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर पळवायची. टप खाली आला की वाऱ्याला अडणारा भाग कमी होतो आणि गाडी जास्त पळते, एवढाच तेव्हाचा हिशोब होता. देखणेपणाचा सोस पुढे वाढला. गाड्या कापून सजवणाऱ्या बॅरिस भावांनी हिरोहाता नावाच्या तरुणासाठी 1951 ची मर्क्युरी कापली, टप पुढे चार इंच आणि मागे सात इंच खाली आणला. ती गाडी आज तिकडे वारसा म्हणून जपतात. म्हणजे कापलेली गाडी बिघडलेलीच असते असं काही नाही. पण तिथे त्या गाड्यांचे ढीग होते, जुन्या बाजारात पोरांच्या खिशाला परवडत होत्या. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पन्नासच्या दशकात निघालेली, न कापलेली, न ठोकलेली फियाट किती घरांत उरली आहे सांग बरं?

आता कामाचं. मामांच्या या फियाट 1100 ला जीपसारखी वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. टप, खांब, फरशी, दारांखालची पट्टी सगळं मिळून वजन पेलतं. टप सुटला की मधला भाग बसायला लागतो. म्हणून जाणते कारागीर कापायच्या आधी आतून आडवे-तिरपे पाइप टाके मारून बसवतात, गाडी चारी बाजूंनी लेव्हलमध्ये घेतात, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवतात आणि मगच पहिला काप घेतात. त्यानंतर खरी पंचाईत सुरू होते. खांब सरळ नसतात, वर जाताना आत झुकतात. त्यातून चार इंच काढले की टपाची टोकं खालच्या टोकांवर बसतच नाहीत. मग टप मधोमध कापून लांब-रुंद करायचा, नाहीतर खांबच वाकवायचे. डुक्कर फियाटची तर पाठच गोल, तिथे सरळ रेघ मिळायची नाही. एका कापातून आणखी किती काप निघतात, ते व्हिडिओत पटापट पळवून दाखवतात.

पत्राही पातळ असतो, एक मिलिमीटरच्या आसपास. वेल्डिंग सलग ओढलं तर तापून त्याला लाटा येतात आणि मग वरून पुट्टीचे थर चढवायची वेळ येते. इथे एक टाका, हातभर लांब दुसरा, मधे थंड होऊ द्यायचं, असं धीरानं जावं लागतं. काचांचंही तसंच. लॅमिनेटेड काच जपून कापता येते, टफन केलेली काच कापायला गेलीस तर तिचा चुरा हातात येतो. आणि या गाडीची पुढची काच वक्र आहे. ती कापताना तडकली तर दुसरी कुठून आणशील?

या फियाटची पुढची दारं उलटी आहेत, बिजागरी मागे आणि कडी पुढे. साधं दार धावत्या गाडीत सुटलं तर वारा त्याला आत दाबतो. उलटं दार सुटलं तर वारा ते खेचून पूर्ण उघडतो. बॉडी थोडी जरी बसली तरी कडीची पकड सरकते. तू चालवत असशील आणि शेजारी मामी बसलेल्या असतील, एवढंच डोळ्यांसमोर आण.

आपल्या जालन्याची एक गोष्ट मला जास्त भीती घालते. लोखंड कापणं इथे कुणालाच मोठं वाटत नाही. एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवतात, रोलिंग मिल सळया काढतात, गॅस कटर चालवणारा माणूस हाकेच्या अंतरावर मिळतो. कापायला तुला एक दुपार पुरेल. पण पातळ पत्र्याला पुन्हा आकार देणारा जुना डेंटर शोधताना दमशील. आणि अर्धवट कापून अंगणात पडलेल्या गाडीला शेवटी गिऱ्हाईक एकच, वजनानं घेणारा. मामांची गाडी कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई व्हावी, हे मला सहन होणार नाही.

कायद्याचंही ऐकून घे, कारण त्यात तुझ्या फायद्याचं बरंच आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडी नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात क्लेम नाकारायला कारण जातं, ते वेगळंच.

आता फायद्याचं. जुलै 2021 मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, घरगुती वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, ती दहा वर्षं चालते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज बाजारात न्यायला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. आणि अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. हे वाचलं आणि मी लगेच तुला लिहायला बसले. मामांनी इतकी वर्षं काही न करता ठेवली म्हणूनच ही गाडी त्या मानाला पात्र आहे. टप कापलास की तो मान गेला, आणि पुन्हा जोडून तो परत मिळत नाही.

हात शिवशिवत असतील तर त्यांना काम देऊ. भंगारात निघालेल्या एखाद्या जुन्या गाडीची टप-खांबांसकट बॉडी मिळते का बघ. तिच्यावर काप, जोड, पुन्हा काप. ती रस्त्यावर न्यायची नाही, शिकण्यापुरतीच. उघड्या गाडीचीच हौस असेल तर मद्रासला 1961 पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड बघ. तिला वेगळी चासी आहे आणि टप बोल्टनं बसवलेला. तिच्यावरून तुला कळेल की कुठली बॉडी टपाशिवाय उभी राहते आणि कुठली नाही. कुठलीही गाडी कापायला बसशील तेव्हा बॅटरी काढ, सीट बाहेर काढ, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेव. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, आत साचलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा घासताना चांगला मास्क लाव, नुसता रुमाल बांधून चालणार नाही. आणि ग्राइंडर हातात असताना अंगावर ओढणी नको.

फियाटवर करण्यासारखं काम कमी नाही. आधी कागद शोध. आरसी बुकावर पहिल्या नोंदणीची तारीख बघ, पन्नास वर्षं तिथूनच मोजतात. जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्यामुळे मामांनी गाडी इकडेच नोंदवली असेल तर जुनी नोंद औरंगाबादची निघेल. पुस्तकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या आकड्यांशी जुळवून घे. मग दारांखालची पट्टी आणि फरशी स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ, जिथे आत घुसेल तिथे खडूनं खूण कर. पत्रा कापून नवा जोडायची तुझी हौस तिथे भरपूर भागेल, आणि ते काम गाडीला हवंच आहे. दिवाळीला मी येईन तेव्हा मामांना विचारून तिथूनच सुरुवात करू.