अरुण साधू : बातमी आणि कादंबरी
अरुण साधू (१९४१-२०१७) यांनी मराठी व इंग्रजी वृत्तपत्रांत पत्रकारिता केली. पुढे पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे प्रमुख म्हणून अध्यापन केले. ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या त्यांच्या राजकीय कादंबऱ्या अभ्यासताना एक भेद ध्यानात घ्यावा. मंत्र्याने राजीनामा दिला, ही बातमी होय. त्यामागील भीती, लोभ व हिशेब पुराव्याअभावी तीत येऊ शकत नाहीत. वार्ताहराला निषिद्ध असलेली कल्पना कादंबरीकाराला तेथवर नेते. या कादंबऱ्यांवर आधारित ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटातील पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा खेळ जवळून पाहतो आणि अखेर कोलमडतो. जाणणे आणि छापता येणे यांतील अंतर साधूंची कादंबरी भरून काढते.

स्वयं-अध्ययन : एखादी राजकीय बातमी निवडून तिच्यात न आलेल्या मानवी प्रेरणांची नोंद करा.