भांडण झालं की नवरा बोलतच नाही

प्रश्न : माझं वय ४१. भांडण झालं की नवरा आठ-आठ दिवस बोलत नाही. निरोप मुलीकरवी. विचारलं तर म्हणतो, "गांधीजीही मौन पाळत." मीच जास्त बोलते का?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : ताई, दोष तुमच्या बोलण्यात शोधू नका. आणि गांधीजींचा दाखला अर्धवट आहे. गांधीजींचं मौन सोमवारी असे, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे. त्या दिवशी ते चिठ्ठीवर लिहून उत्तरं देत. संवाद चालू राही, शिक्षा कुणालाच नसे. तुमच्याकडचा अबोला कधी सुटणार हे एकालाच माहीत. वाद मिटत नाही, नुसता मुरतो.

राग चढलेला असताना थांबणं चांगलंच. पण "आता नको, रात्री जेवणानंतर बोलू" एवढं सांगून थांबावं. हे भांडणाच्या दिवशी नव्हे, एरवी ठरवा. समोरासमोर बसून बोलणं अनेक पुरुषांना जड जातं. शेताकडे जाताना, भाजी निवडताना विषय काढून पाहा. तेही न जमल्यास चिठ्ठी लिहा, बापूंसारखी! मुलीला निरोप्या करणं मात्र आजपासून बंद.

भांडण नसतानाही ते गप्प असतील, झोप-जेवण उडालं असेल, कर्जाचा घोर किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात येत असेल, तर त्याला रुसवा समजू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. धाक किंवा मारहाण असेल, तर थेट महिला हेल्पलाइनचा १८१ क्रमांक लावा.